घर दाखवताना मालकानं घरी राहू नये

आमचं घर विकायला काढलं तेव्हा मला वाटलं होतं, महिना-दोन महिन्यांत गिऱ्हाईक लागेल. सावंगीतलं घर आहे, चेष्टा नाही. मेडिकल कॉलेजचा दवाखाना पायी जाण्याच्या अंतरावर. तिथल्या सिस्टर, टेक्निशियन, मास्तर, शिकायला आलेल्या पोरांचे आईबाप, सगळ्यांना जागा इथंच हवी असते. गिऱ्हाइकं येतही होती. यायची, बसायची, पोहे खायची, चहा प्यायची आणि जाताना आपल्या घरच्या लग्नाचं आमंत्रण देऊन जायची. टीव्हीच्या बाजूला लग्नपत्रिकांचा ढीग लागला होता. घर मात्र कोणी घेत नव्हतं.

घाई मला नव्हती, बायकोला होती. तिची मोठी बहीण नाचणगावला राहते. यजमान गेल्यापासून एकटीच. तिच्या घराला लागून एक छोटं घर विकाऊ होतं, मागे वांगी-मिरच्या लावता येतील एवढी जागा. "पावसाळा लागेपर्यंत थांबतो, मंग दुसऱ्याले देतो," असं त्या घरमालकानं सांगून ठेवलं होतं. आमचं विकलं गेलं तरच ते घेणं जमणार होतं. बायकोनं आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नाही असं मी म्हणणार नाही. मिक्सर मागितला, गच्चीवर पत्रे मागितले, मी घोरू नये असंही मागून झालं. पण एका सकाळी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "मले आता बहिणीच्या शेजारी राहाचं हाय," आणि तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. मी लगेच हो म्हटलं.

मग अडत कुठं होतं? माझ्या मते कुठंच नाही. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला आधी पाणी देतात आणि मग गाव विचारतात. "कोणत्या गावचे म्हनाचे?" एवढं विचारल्याशिवाय मला समोरच्याशी बोलताच येत नाही. गाव कळलं की आडनाव, आडनाव कळलं की मामाचं गाव, आणि तिथून दोन-तीन वळणं घेतली की कुठं ना कुठं नातं निघतंच. जिल्हा आहे तरी केवढा! हिंगणघाटचे एक एक्स-रेवाले आले. दुसऱ्या कपाला निघालं की त्यांची मावशी माझ्या साडूच्या चुलतभावाला दिलेली. सेलूचे एक मास्तर आले, ते माझ्या भाच्याच्या सासऱ्यांचे व्याही निघाले. एकदा नातं निघालं की तो माणूस गिऱ्हाईक राहत नाही, सोयरा होतो. आणि सोयऱ्याला फसवायचं कसं?

म्हणून मी सांगून टाकायचो. "भाऊ, आता घरचेच निघाले तुमी, म्हनून सांगतो. बोरचं काही खरं नाई. मे महिन्यात आटते. अन् ही पश्चिमेची खोली पाह्यली? तवा हाय तवा. जिन्याखाली वाळवी लागलती, औषध मारलं, पन तिचा भरोसा नाई." माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, पाण्याबद्दल खोटं बोलणं मला जमत नाही. सोयरे मान डोलवायचे, माझा हात हातात घ्यायचे, "तुमच्यासारखा मानूस नाई पाह्यला" म्हणायचे आणि दुसऱ्या लेआउटमध्ये घर घ्यायचे.

नेमकी अशा वेळी बायको चहाचा ट्रे घेऊन यायची. सुरुवातीला ती तो अलगद ठेवायची. पुढंपुढं ट्रे आदळायला लागला. घर जाईना म्हणून चिडते, असं मी धरून चाललो.

आमचा मुलगा पुण्याला असतो. इथली सगळी खबर त्याला आईकडून फोनवर जात होती. एके दिवशी तो म्हणाला, "बाबा, मी होम स्टेजिंगवाल्या एका बाईंना पाठवतोय." म्हणजे काय, तेही त्यानं समजावलं. घर विकण्याआधी जाणकार माणूस येतो, काय काढायचं, काय ठेवायचं, कुठं कसला दिवा, कुठं कोणता पडदा, सगळं ठरवतो आणि घर बघण्याजोगं करून देतो.

"घर विकाचं हाय का नाटक बसवाचं हाय?" मी विचारलं.

त्यानं पैसे आधीच भरून टाकले होते, त्यामुळे मला उत्तर देण्याची त्याला गरज वाटली नाही.

त्या बाई नागपूरहून आल्या. बाई म्हणजे पोरगीच, माझ्या सुनेच्या वयाची. चपला दाराबाहेर काढल्या, बैठकीच्या मधोमध उभी राहिली आणि बराच वेळ नुसतीच बघत राहिली. मी "कोणत्या गावचे?" विचारलं, तर म्हणाली, "नागपूर, काका." नागपूर म्हणजे काही गाव नव्हे, तिथून पुढं धागा सापडेना. मग ती बायकोकडे वळून म्हणाली, "काकू, घर छान आहे. दिसून नाही राहिलं, एवढंच." तेवढ्या एका वाक्यावर आमची बायको तिच्या पार्टीत गेली.

मग सामान निघायला लागलं. दिवाणाच्या पोटातून लग्नाकार्यात आलेली, पिशवीसुद्धा न उघडलेली ब्लँकेटं निघाली. दिवाणाखालून तुरीचं पोतं निघालं. शोकेसमधून शिंपल्यांचा ताजमहाल, मान तुटलेला हंस आणि मुलाला पाचवीत मिळालेला कप निघाला. एकाच भिंतीवर आमची तीन कॅलेंडरं होती, एकावर दुधाचे खाडे मांडायचे, दुसऱ्यावर गॅसची तारीख, तिसरं देवीचं चित्र चांगलं म्हणून. तिन्ही गेली. शेवटी तिचा हात माझ्या निरोपसमारंभाच्या फोटोकडे गेला. त्यात मी शाल-श्रीफळ घेऊन साहेबांच्या शेजारी उभा आहे.

"तो काऊन?" मी म्हटलं.

"काका, येणाऱ्याला वाटलं पाहिजे की इथं आपण राहू शकतो. तुम्ही भिंतीवरून पाहून राहिले तर त्याला वाटते आपण पाहुणे आहो."

मी बराच वाद घातला आणि हरलो.

देवघराला तिनं हात लावला नाही, फक्त समई घासून घ्यायला सांगितली. कूलरलाही नाही. मुंबईची असती तर पहिला कूलर बाहेर काढला असता आणि मग गिऱ्हाइकासोबत स्वतःही घेरी येऊन पडली असती. पण ही नागपूरची, तिनं उलट त्याला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवून घेतल्या. घरभर वास सुटला. पांढऱ्या भिंती, पिवळसर दिवे, फिक्या रंगाचे पडदे, उशांवर उशा. मागच्या आवारात पाण्याचे तीन निळे ड्रम होते, बादल्या होत्या, गुंडाळलेला पाइप होता. तेही सगळं शेजाऱ्यांच्या रिकाम्या खोलीत रवाना झालं आणि त्या जागी एका छोट्या टेम्पोतून कुंड्या आल्या. भाड्याच्या! झाडंसुद्धा भाड्यानं मिळतात हे मला या वयात कळलं. ड्रम निघाले तेव्हा बायको मागच्या दारात उभी होती. "काठ नका फोडू बाबा, जपून नेजा," एवढंच ती म्हणाली.

रंगरंगोटी बघून समोरच्या घरून चौकशी आली, "काय, पोराचं जमलं काय?"

"पोराले दोन लेकरं हाय," मी म्हणालो.

घर ओळखू येईना. खरं सांगायचं तर चांगलं दिसत होतं, पण हे मी त्या पोरीला बोलून दाखवलं नाही. एक तर मला साधं नेलकटर हवं असलं तरी शेजाऱ्यांकडे जावं लागत होतं, आणि ते दर वेळी चहा पाजल्याशिवाय सोडत नव्हते.

नव्या थाटात पहिले आले ते दवाखान्याच्या हिशेब विभागातले एक गृहस्थ आणि त्यांची बायको. मी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून शहाण्यासारखा बसलो होतो. नागपूरची पोरगी फुलदाणी नीट करत दाराशी उभी. पाहुण्यांना घर आवडलं हे त्यांच्या चालण्यावरूनच कळत होतं. बाई तर पडद्याला हात लावून बघत होत्या. मी फक्त गाव विचारलं. देवळी. देवळीत आमचे किती लोक! पहिला कप संपायच्या आत गृहस्थ माझ्या मावसभावाच्या मोठ्या जावयाचे मामेभाऊ निघाले. मला फार आनंद झाला. "आता घरचेच निघाले तुमी, म्हनून सांगतो," मी म्हणालो. त्या दिवशी ट्रे असा आदळला की चमचा उडून नव्या उशीवर पडला.

पाहुणे आनंदानं गेले. वैशाखात त्यांच्या पुतण्याचं लग्न होतं, पत्रिका पाठवतो म्हणाले. ती पोरगी माझ्यासमोर येऊन बसली.

"काका, पुढच्या वेळी घर दाखवताना तुम्ही घरी राहू नका."

"माह्याच घरी मी नाई राहाचं?"

"लोक घर पाहायला येतात आणि तुम्ही त्यांना सोयरे करून वापस पाठवता."

"मंग काय खोटं बोलू?"

"बोलूच नका. बाहेर जाऊन चहा प्या."

मी आधारासाठी बायकोकडे पाहिलं. ती कप गोळा करत होती. "जात जा," ती म्हणाली. "तेवढंच सामान काढाचं राह्यलं होतं."

मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही असं दिसलं.

तेवढ्यात नाचणगावहून फोन आला. ढग दिसायला लागले, दुसरं गिऱ्हाईक मागे लागलं आहे, तुमचं काय ते सांगा, असं तो घरमालक म्हणत होता. बायकोनं फोन ठेवला. जेवताना ती भाकरीचा अर्धा तुकडा तसाच ठेवून उठली. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली की माझ्या तोंडापायी हिची बहीण हिच्यापासून लांबच राहणार. मी मनाशी ठरवलं, आता गप्प. कोणी सख्खा भाऊ निघाला तरी गप्प.

पुढचे लोक आले त्या सकाळी मी आधीच घराबाहेर पडलो आणि रस्त्यापलीकडच्या टपरीवर बाकड्यावर जाऊन बसलो. तिथून आमचं फाटक दिसतं. दवाखान्यातल्या एक सिस्टर होत्या, त्यांचा नवरा, कडेवर लहान मुलगी, आणि सासरे. पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी. सगळे आत गेले. थोड्या वेळानं ते सासरेबुवा एकटेच बाहेर आले, रस्ता ओलांडला आणि थेट माझ्या शेजारी येऊन टेकले.

"पोराइले पाहू द्या म्हटलं," ते म्हणाले. "आपन मधात बोललो का त्याइचं बिघडते."

मी नुसती मान हलवली. चहा आला. त्यांनी एक घोट घेतला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "कोणत्या गावचे म्हनाचे, भाऊ?"

या प्रश्नाला मी जन्मात पहिल्यांदा घाबरलो. "इथलाच," मी म्हणालो.

"इथले तं सारेच. मूळचे?"

"आर्वीकडचा."

"आर्वीकडचे? मंग आमच्याच भागातले की! आमी रोहण्याचे. भाजीपाला करतो. वांगी, कोबी, सांभाराच्या जुड्या. रोहण्यात कोनी हाय का तुमचं?"

माझी आत्या रोहण्याला दिलेली. तिनं वाळवलेल्या वांग्याच्या फोडी दर वर्षी आमच्या घरी यायच्या. मी बोलणार नव्हतो. पण रोहण्याचं नाव निघाल्यावर गप्प बसणं म्हणजे आत्याला नाकारणं झालं. मी बोललो. ती त्यांची मोठी काकू निघाली. त्यांनी लहानपणी तिच्याच हातचं खाल्लेलं. म्हातारबुवांनी माझ्या मांडीवर थाप मारली, माझ्या चहाचे पैसे देऊन टाकले, दुसरा चहा सांगितला आणि जवळ सरकून म्हणाले, "आता घरचेच निघाले तुमी. एक इचारतो. ते समोरचं घर आमची पोरं पाहून राह्यली. कसं हाय?"

माझंच वाक्य माझ्यावर उलटलं होतं. बोर, तवा, वाळवी, सगळं ओठांपर्यंत आलं. आणि ताटात राहिलेला तो भाकरीचा तुकडाही डोळ्यांसमोर आला. मी गार झालेल्या चहावर फुंकर घालत बसलो. म्हातारबुवा वाट बघत होते.

तेवढ्यात आमच्या फाटकात बायको येऊन उभी राहिली. पदर खोचलेला. तिनं तिथूनच हाक मारली, "अवो! या घरी. सांगतलं म्या साऱ्याइले सारं."

म्हातारबुवांनी फाटकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हंजे घर तुमचंच?" आणि ते असे हसले की टोपी धरावी लागली.

आत आलो तर नागपूरची पोरगी उशांच्या ढिगात कपाळाला हात लावून बसलेली. सिस्टरबाई मात्र हसत होत्या आणि त्यांची मुलगी कूलरच्या हवेत गाल पुढे करून उभी होती. मी बायकोच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो.

"तूच सांगतलं? काऊन?"

"तिचं लेकरू लहान हाय. मे महिन्यात ड्युटीहून येऊन नळ सोडन अन् पानी नाई. मंग मलेच बोल लावन का नाई?"

"मंग माह्यावर काऊन चिडत होती? मीबी तेच सांगत होतो."

ती साखरेचा डबा हातात घेऊन माझ्याकडे वळली. "तुमी वाईट तेवढंच सांगत होते. दर वेळी चहा घेऊन आली का तेच कानावर. बोर आटते, खोली तापते, वाळवी हाय. म्या तिले हेबी सांगतलं का हिवाळ्यात समोरच्या पायरीवर दुपारपरेंत ऊन राह्यते. सांजच्याला मागच्या दारातून हवा येते. शेजारीन पोरीले सांभाळन. सारा संसार केला म्या या घरात. एक गोष्ट चांगली नाई सापडली तुमाले?"

इतके महिने ट्रे का आदळत होता, ते मला तेव्हा कळलं. येणाऱ्या प्रत्येकासमोर मी तिच्या घराला नावं ठेवत होतो आणि ती माझ्या पाहुण्यांना चहा देत होती. मला फार वाईट वाटलं. तिनं चहात साखर टाकली आणि ट्रे माझ्याच हातात दिला.

बैठकीत म्हातारबुवा भाड्याच्या उशीला टेकून बसले होते. "मालक," ते म्हणाले, "बाईनं तं सांगतलं. तुमाले काही सांगाचं हाय का? सोयरे म्हनून इचारतो."

नागपूरच्या पोरीनं डोळे मिटून घेतले.

"पान्याचं तिनं सांगतलंच," मी म्हणालो. "मी एवढंच सांगतो. या घरात उन्हाळ्यात पानी नसे, पन मी एक दिवस बिनआंघोळीचा हापिसात गेलो नाई. पोराचा शाळेचा शर्ट कधी मळका नव्हता. आल्यागेल्याले थंड पानी भेटलं. हिनं कसं पुरवलं, मले आजपरेंत मालूम नाई."

बायकोनं पदर सारखा केला.

"मालूम कसं राहीन," ती म्हणाली. "कधी मांगं येऊन पाह्यलं काय?" मग सिस्टरबाईंकडे वळून म्हणाली, "ये बाई, तुले दाखवते."

घर त्यांनीच घेतलं. पावसाच्या आत सगळे कागद झाले आणि आता बायकोची अन् तिच्या बहिणीची हाक भिंतीपलीकडून चालते. त्या नागपूरच्या पोरीचा अजून फोन येतो, माझ्यासाठी नाही, काकूंसाठी. पण हे सगळं पुढचं.

त्या दिवशी दोघी मागच्या आवारात गेल्या. बायकोनं एकेक भाड्याची कुंडी पायानं बाजूला सरकवली. खाली फरशीवर ड्रमचे तीन गोल डाग होते, उगाळलेल्या चंदनासारखे फिके. हा पिण्याचा, ती सांगत होती, याला सकाळी टँकर आला की आधी भरायचं. हा आंघोळीचा, याच्यावर झाकण हवं, नाही तर चिमण्या पडतात. आणि यात भांड्यांचं शेवटचं पाणी, ते पश्चिमेच्या भिंतीलगतच्या कडुनिंबाला. निंब जगला तर पश्चिमेची खोली कमी तापते.

सिस्टरबाई मान हलवत होत्या. मीही जाऊन त्यांच्या मागे उभा राहिलो, कारण हे सगळं मीही पहिल्यांदाच ऐकत होतो.